करमाडच्या मांडवातली चूक

बजाजनगर, औरंगाबाद
१२ सप्टेंबर १९९६

तीर्थरूप सारजाअक्काला धाकट्या कडूबाचा, लांबूनच का होईना, पायावर डोकं ठेवून नमस्कार. इकडं मी नि भागूबाई ठीक. तुझी कंबर कशी हाय? लासूर स्टेशनला पाऊस बरा झाला म्हणतात. चार महिने तुझी एक ओळ नाय. मला विचारायचं तोंड नाय हे ठाऊक असून विचारतोय.

करमाडच्या लग्नाचं सांगतो, पण आधी खांबाचं ऐक. फाल्गुनात आमच्या गल्लीतला विजेचा खांब मला मधेच वाकलेला दिसाया लागला. मी गल्ली गोळा केली, वायरमनला बोलावलं. (पंचवीस वर्षं लेथवर काढली, सुतभर बाक मला नजरेनं कळतो, हा माज.) त्यानं खांबाला पाठ टेकवली नि म्हणाला, "काका, खांब ताठ हाय. डोळे दाखवा." गल्ली हसली, मीबी हसलो. घरी येऊन दाराची चौकट बघितली, तर तीबी वाकलेली.

मग कुणाला न सांगता शहरात एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. उजव्या डोळ्याचं तुला ठाऊकच हाय. लहानपणी ज्वारीचं पान लागून बुबुळावर फूल पडलं. त्यातून सगळं दुधात कालवल्यावानी. डाव्यावरच माझा संसार चालला होता. बाई म्हणाल्या, त्याचा मागचा पडदा मधोमध झिजलाय, कडा शाबूत हायेत. आंधळे होणार नाही, पण अक्षर नि चेहरा अवघड. औषध नाय. म्हणजे माणसाचे खांदे दिसतात, पदर दिसतो, चपला दिसतात, अन् चेहऱ्याच्या जागी धूर. चेहऱ्याची कड बघायची तर शेजारी भलतीकडंच बघावं लागतं. (परवा शेजारच्या आप्पासाहेबांशी बोलताना अर्धा तास त्यांच्या नव्या स्कूटरकडं बघत होतो. शेवटी बिचाऱ्यांनी मला एक चक्कर मारून आणली.)

कामावर मापं चुकाया लागली तशी नोकरी आपणहून सोडली. घरी सांगितलं, कंटाळा आला. भागूबाईला खरं सांगितलं तर ती रडंल, नि तिचं रडणं मला दिसायचं नाय, नुसतं ऐकू येईल. ते सोसवंल असं वाटंना.

आता करमाड. आपल्या चुलतभावाच्या, काकासाहेबांच्या पोराचं लग्न, मांडवात ही गर्दी. एक जांभळं लुगडं माझ्यापुढं येऊन थांबलं. नवरीच्या आईचं तसलंच होतं. लुगडं काही बोलंना, तवा मला वाटलं, विहीणबाई मानपानाची वाट बघतायत. आपण होऊन हसत म्हणालो, "काय विहीणबाई, एकट्याच? मालक कुठं दडवले? पयल्याच पंगतीला बसले व्हय?"

आजूबाजूचं बोलणं बंद पडलं. लुगडं वळून गेलं. परतताना एसटीत भागूबाई म्हणाली, "सारजावन्संना असं कसं बोललात हो?"

अक्का, तात्यासाहेब दाजींना जाऊन दहा महिने झाले होते. मी खांदा दिलेला. अन् तरी मी भागूबाईला काय म्हणालो असेन? "गंमत केली." आंधळा म्हणवून घेण्यापरीस मला निर्दय म्हणवून घेणं सोपं वाटलं. तू न जेवता गेलीस, असं ती म्हणाली. तवापासून लग्नाचं जेवण मला गोड लागंना.

माफ करशील का, हे विचारत नाय. खरं काय ते कळवलं.

तुझा,
कडूबा

ता. क. : डोळ्यांचं कुणाला सांगू नको, भागूबाईला तर मुळीच नको. माझी ओळ तिरकी जाते म्हणून पत्ता तिच्याकडूनच लिहून घेतोय, पण पाकीट नीट चिकटवून देणार हाय.

ता. क. दुसरा : वन्सं, नमस्कार. मी भागूबाई. ह्यांनी पाकीट नीट चिकटवलं, पण कागद आत घालायचा राहिला. तो मला खाटंवर सापडला. डोळ्यांचं मला होळीपासून ठाऊक हाय. माझ्याशी बोलताना हे फळीवरच्या डब्यांकडं बघतात. दुपारी हे झोपले की मी रडून घेते, म्हणजे ऐकू जात नाय. दिवाळीला या. रुसायचं तर रुसा, पण मोठ्यानं रुसा. गप बसलेलं माणूस ह्यांना दिसत नाय.