नळातला आवाज

हैदराबाद
३० नोव्हेंबर २०२५

आद. जयाआत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. इकडे मी ठीक आहे, ऑफिस ठीक आहे, मेसचं जेवण ठीक नाही. आता मुद्द्याचं. डिसेंबर आला, आपल्या काळ्या यादीची वेळ झाली. नियम तुझेच आहेत, पण वयोमानानुसार विसरली असशील म्हणून आठवण करून देते. वर्षभरात वाचलेल्यातल्या सगळ्यात काळ्याकुट्ट तीन गोष्टी, विज्ञानातल्या असोत की अद्भुतातल्या. फोनवर त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही, जे काय ते पत्रात. आणि शेवट कुणी कुणाला सांगायचा नाही.

तिसरा नंबर ‘उलट्या दिव्यांचं गाव’. तिथले दिवे उजेड देत नाहीत, असलेला उजेड पिऊन टाकतात, आणि लोक सवयीनं रोज संध्याकाळी ते लावतात. दुसरा ‘मेलेल्यांची फिर्याद’. मेलेली माणसं कोर्टात तारखा घेत बसलेली असतात आणि जिवंत न्यायाधीशाला घाम फुटतो. चांगलं आहे, मधली शंभर पानं कापली असती तर फार चांगलं झालं असतं.

पहिल्या नंबरानं मात्र मला हादरवलंय. ते पुस्तक नाही, दिवाळी अंकातली दीर्घकथा आहे, ‘तळपाणी’. लेखक कुणी ‘विहंग’, टोपणनाव असणार. बाबांनी फराळाबरोबर चार अंक पाठवले त्यांत हा होता. एका शहराच्या पाण्याच्या टाकीखाली काहीतरी राहतं. ते पाणी सोडतं, पण बदल्यात दरवर्षी एका घरातला एक आवाज घेतं. माणूस जगतो, फक्त मुका होतो. मग त्या घरात नळ सोडला की आधी तो आवाज येतो आणि मागून पाणी. टाकीवरचा इंजिनिअर हे सगळं अगदी मोजमापासकट सांगतो, आणि या वर्षीची पाळी त्याच्या मुलीवर येते. आत्या, परवा दात घासायला नळ सोडला, तो आतल्या आत गुरगुरला, आणि मी ब्रश टाकून बाहेर पळाले. एकोणतीस वर्षांची बाई.

शेवटचा भाग अर्थातच वाचलेला नाही. शाळेपासून पहिल्या नंबरच्या गोष्टीचं करते तेच केलंय. त्या पानांना चिकटपट्टी लावलीय, ३१ डिसेंबरला सोडवणार. तू मिळवून वाच, आणि वाचून गप्प बस.

बाबांकडे जरा बघ ना. फोन केला की कापतात आणि मेसेज पाठवतात की कामात आहे. निवृत्त माणसाला मांजरीच्या घरी कसलं आलंय काम? आपल्या यादीबद्दल कळवलं तर नुसता अंगठा आला. मला खरंच राग आलाय.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मैत्री


वारजे, पुणे
७ डिसेंबर २०२५

चि. मैत्रीस अनेक आशीर्वाद.

वयोमानाबद्दल काळजी केल्याबद्दल आभार. पोस्टात इतकी वर्षं दुसऱ्यांचे पत्ते लक्षात ठेवले, माझेच तीन नियम बरे विसरेन.

माझी यादी यंदा तोकडी आहे. पहिला नंबर ‘शेवटची सर्वसाधारण सभा’. एका सोसायटीचा कारभार यंत्राकडे देतात आणि ते यंत्र ठराव मांडून एकेका सभासदाला वगळत जातं, अगदी बहुमतानं. आमच्या सोसायटीत मी ते तिघांना वाचायला दिलं. दोघांना ते विनोदी वाटलं आणि सेक्रेटरींनी अजून परत केलेलं नाही. बाकी दोन नंबर रिकामेच ठेवते, तुझी ‘तळपाणी’ वाचून काय ते ठरवू. अंकासाठी अप्पा बळवंत चौकात जाऊन आले. दुकानदारानं मान वर न करता संपला म्हणून सांगितलं, आणि वर दिवाळी झाली असंही ऐकवलं. शेवटी आमच्या वाचनालयात नंबर लावलाय.

तुझ्या बापाचं काय घेऊन बसलीस? पाटबंधारे खात्यात धरणाच्या भिंतींशी बोलून निवृत्त झालेला माणूस तो. आधी तरी कुठे भाषणं ठोकायचा? नोव्हेंबरात आला होता, गळ्याला मफलर, घसा बसलेला. ज्येष्ठमध दिला तर खिशात घालून गेला. उन्हाळ्यात मित्राकडे इगतपुरीला जाऊन दीड महिना राहिला तेव्हापासून जरा वाळलाय, पण या वयात वाळलेलं बरं. आपल्या वाचनाला त्यानं पुन्हा नावं ठेवली. शिकल्यासवरल्या, बुद्धिवादी घरातल्या बायका भुतंखेतं काय वाचता, असं त्याचं म्हणणं. म्हणजे तब्येत उत्तम आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आठवण ठेवावी, नाही ठेवलीस तर मी येऊन बसेन.

तुझी,
आत्या


वारजे, पुणे
१६ डिसेंबर २०२५

चि. मैत्री,

हे पत्र मी स्पीड पोस्टानं पाठवते आहे. बसून वाच. आशीर्वाद वगैरे शेवटी.

मी आपला नियम मोडणार आहे. काल अंक मिळाला आणि ‘तळपाणी’ मी एका बैठकीत संपवली. शेवटच्या भागात तो इंजिनिअर मुलीच्या बदली स्वतः टाकीत उतरतो. खाली पूर्ण अंधार. आणि त्या अंधारातून ते जे काही आहे ते विचारतं, आत कोण आहे?

मी ती ओळ पुन्हा वाचली. तू तीन-चार वर्षांची होतीस, मी तेव्हा तुमच्याकडेच राहत होते. दिवे गेले की तू रडायचीस. मग तुझा बाप खोलीच्या दाराबाहेर उभा राहून पोटातून राक्षसाचा आवाज काढायचा आणि हेच विचारायचा. तू आतून ओरडायचीस की मी आहे, आणि मी भीत नाही. मग दिवे आले तरी तुला तो खेळ थांबवायचा नसायचा. हे ठाऊक असणारे आपण चौघं. नंदावहिनी गेली. मी कथा लिहिलेली नाही, आणि तू तर शेवट वाचलेलाच नाहीस.

मला आधी चक्क हसू आलं. भुतांना नावं ठेवणारा आमचा भीमराव चोरून भयकथा लिहितो, त्याला चांगला चिडवू म्हणून आज सकाळी निघाले. स्वारगेटला बस बदलताना अंक पुन्हा उघडला आणि इंजिनिअर मुलीसाठी काय देतो ते नीट वाचलं. तो स्वतःचा आवाज देतो. मफलर आठवला, इगतपुरी आठवली, कापलेले फोन आठवले. पुढचा मांजरीपर्यंतचा रस्ता मला दिसलाच नाही.

त्याच्या स्वरयंत्राला कॅन्सर आहे, मैत्री. इगतपुरीला तो गेलाच नव्हता. इथेच दवाखान्यात रोज किरणांचा शेक घेत होता आणि तिथल्या बाकावर बसून कथा लिहीत होता. लिहिताना नुसती शक्यता होती. डॉक्टर म्हणाले होते की शेकानं भागलं नाही तर स्वरयंत्र काढावं लागेल. भागलं नाही. २३ तारखेला ऑपरेशन आहे. जिवाचं निभावेल असं डॉक्टर म्हणतात. आवाज मात्र जाणार, कायमचा.

मी त्याला वाट्टेल ते बोलले. तुला का सांगितलं नाही, असं विचारलं. सांगायला फोन उचलला की तुझा आवाज ऐकूनच त्याला काही सुचत नाही, असं म्हणाला. तू शेवट ३१ तारखेला वाचतेस हे त्याला पक्कं माहीत आहे. तेव्हा तुला आपोआप कळेल आणि त्याला तोंडानं सांगावं लागणार नाही, असा त्याचा हिशोब. ऑपरेशनची तारीख ठरली ती त्याच्याही आठवडाभर आधीची, तरी हा ढिम्म. मी इतकी सुन्न झाले होते की तुला फोन करणार नाही असं वचन त्यानं माझ्याकडून काढून घेतलं. पत्राबद्दल तो काही बोलला नाही. बहिणीनं उभा जन्म पोस्टात काढला हे तो विसरला, ही त्याची चूक.

ताबडतोब निघ. अजून त्याला बोलता येतं, घोगरं येतं पण येतं.

आशीर्वाद आहेतच. लवकर ये, एवढाच लोभ ठेव.

आत्या


मांजरी
२१ डिसेंबर २०२५

आद. आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

परवा दुपारीच इथे पोचले. तू काल येऊन गेलीस तेव्हा आपण बोललोच, तरी पुस्तकांचं पत्रातच लिहायचं ठरलंय, म्हणून लिहिते.

दार बाबांनी उघडलं. मी रस्ताभर काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं, खूप भांडायचं होतं. ते सगळं सोडून मी पिशवीतून अंक काढला आणि पुढे केला. चिकटपट्टी तशीच होती. तुझं पत्र वाचूनही मी ती काढली नव्हती. म्हटलं, लेखक घरात असताना शेवट स्वतः कशाला वाचायचा. मी त्यांना वाचून दाखवायला सांगितलं.

ते नाही म्हणाले. मग घसा दुखतो म्हणाले, मग चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा कपाळावर होता. मी पट्टी सोडवली आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं. तेव्हा वाचायला बसले.

आत्या, तो आवाज ऐकून मला धक्काच बसला. सुक्या पानांवरून कुणी चालावं तसा येत होता. हाच माणूस मला सायकल शिकवताना अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडायचा. दर दोन ओळींनी पाणी पीत होते. मी नळाकडे बघितलंच नाही. आणि टाकीत उतरायची जागा आली तेव्हा ते थांबले, अंक मांडीवर ठेवला आणि न वाचता, माझ्याकडे बघून, पोटातून तो जुना आवाज काढला. कसा काढला ते कळत नाही. जरासुद्धा घोगरा नव्हता. आत कोण आहे, असं विचारलं. मी उत्तर द्यायला गेले आणि हुंदकाच बाहेर आला. मग ते रडले. आईच्या वेळीही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

शेवट तुला माहीत आहे. मुलगी नळ सोडते, बापाचा आवाज येतो, आणि ती नळ बंदच करत नाही, साऱ्या शहराचं पाणी वाहून गेलं तरी. मी त्यांना म्हटलं की हा पहिला नंबर कायमचा. ते म्हणाले की मधली दहा पानं कापायला हवी होती.

परवा सकाळी सहाला दवाखान्यात पोचायचंय. तू येच. मला खूप भीती वाटते, आणि त्यांच्यासमोर म्हणता येत नाही.

जवळ असावंस, दुसरं काही मागत नाही.

तुझी,
मैत्री


मांजरी
१४ जानेवारी २०२६

चि. मैत्रीस अनेक आशीर्वाद.

तू हैदराबादला सुखरूप पोचल्याचं कळलं. तुमच्या पत्रांत मला आजवर प्रवेश नव्हता, आता नाइलाजानं घ्यावा लागेल. जयानं नियम सांगितले. मी बुद्धिवादी असल्यानं ते निरर्थक आहेत असं माझं मत आहे, पण पाळेन.

जखम भरते आहे. श्वास गळ्याच्या भोकातून घेतो, शिंक कुठून येईल याचा नेम नसतो. पुढे छोटं यंत्र मिळेल, ते गळ्याला लावलं की बोलता येतं, मात्र आवाज पत्र्याचा. थोडक्यात, मी स्वतःच तुमच्या यादीत राहायला आलो आहे. जया रोज येते आणि माझ्या वाटचंही बोलते. इथे पाणी सकाळी येतं. परवा तिनं नळ सोडला आणि दोघंही क्षणभर कान देऊन उभे राहिलो. नुसतं पाणी आलं.

तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. वाचन बरं आहे. सुरुवातीलाच एक शब्द खाल्ला आहे. आता दुरुस्त करता येणार नाही, तसाच राहू दे.

यादीबद्दल: तुमच्यामुळे यंदा मी बरंच काळं वाचलं, शेक घेताना वेळ होता. भीती वाटते ते सांगायला मला दुसऱ्याच्या तोंडची वाक्यं लागतात, हे त्यात कळलं. तुला आधीच तोंडानं सांगायला हवं होतं. तो राक्षस मला लिहिता आला, तुला फोन करता आला नाही.

ऑपरेशननंतर दोन दिवसांनी, परिचारिका तुला आत सोडेना तेव्हा तू दाराबाहेरून आवाज बदलून विचारलंस, आत कोण आहे? तुला वाटलं असेल मी झोपलो होतो. जागा होतो, नळ्यांमुळे मान वळवता येत नव्हती. उत्तर द्यायचं राहिलं, ते आता देतो.

मी आहे. त्यापुढच्या अर्ध्या वाक्याचा सराव चालू आहे.

रोज फोन करत जा. पलीकडून काही येणार नाही, तरी तू बोलत राहा आणि मी कापणार नाही.

तुझा,
बाबा