वेडी ठरायला मी तयार नाही

सोमवार, ३ मार्च २०२५

वेडी! माहेरच्या पत्त्यावर कोर्टाची नोटीस आली. तिच्यात शब्द जरा शुद्ध आहेत — 'मानसिक विकृतीमुळे विवाहास अयोग्य'. अर्थ तोच. मृत्युंजयला घटस्फोट नकोय. त्याला आमचं लग्न मुळातच रद्द करून हवंय, म्हणजे तो पुन्हा बिनलग्नाचा आणि बार्शीत दुसरी मुलगी बघायला मोकळा. नवऱ्यावर डाग नको, म्हणून बायको वेडी.

पुण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं तेव्हा मी केवढी खूश होते! मी अशी का, ते एकदाचं कळलं. घरी येऊन पहिलं त्यालाच सांगितलं. डॉक्टरांचा तोच कागद त्यानं अर्जाला जोडलाय.

५ मार्च

आप्पांचं, माझ्या वडिलांचं, एकच. 'गप बस की. सुटका तुलाबी पायजेच हाय.'

पाहिजेच आहे. आज द्या! पण शहाण्या माणसासारखी द्या. उद्या शाळेनं, बँकेनं, कुणीही तो निकाल माझ्या तोंडावर फेकावा — बाई, तुमची सही चालत नाही! नववीला गणित शिकवते मी. सोडणार नाही.

अव्वा, माझी आई, भाकऱ्या थापत राहिली.

१९ मार्च

वकील वैजयंतीताईंकडे गेले. सरळ बोलतात, बरं वाटलं. म्हणाल्या, दिव्यांगांचा कायदा २०१६ साली नवा झाला, त्यात ऑटिझम आहे, बरोबरीचे हक्क आहेत. लग्नाचा कायदा मात्र १९५५चा, मधे एकदा ठिगळ लावलेलं. विकृती म्हणजे नक्की काय, हे त्या कलमात धड सांगितलेलंच नाही. म्हणून ज्याला जे हवं ते तो त्यात कोंबतो.

मग बदलत का नाहीत? म्हणाल्या, भांडायला कोण येतं? बायका गप सह्या करतात आणि माहेरी जातात.

मी येते म्हटलं.

११ एप्रिल

दोघांच्या संमतीनं घटस्फोट घेऊ, असा निरोप धाडला होता. मृत्युंजय नाही म्हणाला.

१७ जून

अर्जातलं माझं वेड आज नीट वाचलं. वरातीत बँड सुरू झाला आणि मी कान झाकले. त्याच बँडपुढं पिऊन लोळणारे त्याचे मामा शहाणे! पाहुण्यांच्या डोळ्यांत बघत नाही. बघितलं असतं तर उद्धट म्हणाले असते. रोज ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणीच खाते. अहो, मग अख्खं सोलापूर आत टाका!

हसता हसता रडले. त्यात खोटं एकही नाही, याचंच वाईट वाटलं.

२ सप्टेंबर

माझी उलटतपासणी झाली. त्याच्या वकिलांनी विचारलं, तुम्ही नॉर्मल आहात का? म्हटलं, 'नाही. पण वेडीही नाही. लग्न करताना मला सगळं कळत होतं, आज घटस्फोट मागतानाही कळतंय.'

मग ते पेन टेबलावर वाजवायला लागले. टकटक टकटक. मुद्दाम! कान झाकावेसे वाटले. आणि झाकलेच! पुढची सगळी उत्तरं कान झाकून दिली. शेवटी न्यायाधीशबाईंनी त्यांना पेन खाली ठेवायला सांगितलं.

१२ जानेवारी २०२६

पुढच्या तारखेला माझ्या बाजूनं आप्पांची साक्ष आहे. म्हणतात, कारखाना बंद ठेवता येत नाही. अक्कलकोट रोडवरचे टॉवेलचे माग एक दिवस थांबले तर आभाळ कोसळणार आहे? माझी लाज वाटते, दुसरं काय! भयंकर राग आला. जेवले नाही.

२० जानेवारी

आप्पा कोर्टात आले. मृत्युंजयच्या वकिलांनी त्यांना विचारलं, ही लहानपणापासून अशीच आहे का?

'व्हय. माझ्यावर गेलीय.'

'मग तुम्हालाही वेडं म्हणायचं का?'

'म्हना की,' आप्पा खाली बघत म्हणाले. 'पर आदी हिच्या अव्वाला इचारा. लगीन माझ्यासंगं तिनं केलंय.'

मागं बाकावरून अव्वा उठून उभी राहिली होती.