चार्वाकाचं ताट

तिरुपती, १२ नोव्हेंबर

ती. आईस,
गुरुदत्तचा साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे सध्या सहाच अंगांचा, बाकी उधार.

मी मजेत. इथे भाताबरोबर सांबार आणि सांबाराबरोबर भात मिळतो. फोनवर तू ‘सगळं बरं आहे’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र.

चार्वाक चार दिवस जेवत नाही, असं ठाण्याहून तुझ्या लेकीने, क्षिप्राने कळवलं. चौदा वर्षांचा कुत्रा, दात मोजके. पण डॉक्टरांना दुखणं सापडलं नाही म्हणे. मला सापडलं.

आठवतं? नाना ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायचे, तेव्हा हा नास्तिक शेपटी आवरून बसायचा. नानांनी पहिला घास घेतला की मगच आपल्या थाळीला तोंड लावायचा. नानांमागे माझ्या घासावर भागवलं त्याने. आता मी इथे आणि तू ओट्याशी उभ्यानेच दूधपोळी उरकतेस. त्याच्या लेखी डोंबिवलीच्या घरात कुणी जेवायलाच बसलेलं नाही.

तेव्हा त्याचा दहीभात मऊ कालव, स्वतःचं ताट वाढून घे आणि त्याच्यासमोर बस.

तो जेवला की क्षिप्राला सांग. तुझं मी विचारत नाही, त्यावरून कळेलच.

तुझा,
गुरुदत्त