जना मावशीचे तांदूळ

मंगळवार, १२ ऑगस्ट, संध्याकाळ

कॉलेजच्या ग्रंथालयासाठी जादूटोण्याच्या, निसर्गपूजेच्या परंपरांवरची पुस्तकं निवडायचीत. "मॅडम, तुम्ही सुरगाण्याच्या, तुम्हाला यातलं कळतं," प्राचार्य म्हणाले. कळतं ना. म्हणूनच यादी अजून कोरी आहे.

चकचकीत पुस्तकं. मेणबत्त्या, जडीबुटी. एकात तर चेटकीण होण्याचे धडे! हौसेनं व्हायचं? एका जाडजूड पुस्तकात सुपातल्या तांदळाचा फोटो आणि खाली एक ओळ: भगत दाणे पाहून डाकीण ओळखतो.

दाणे कुणी आणले, ते नाही लिहिलं.

मी आणले होते. नऊ वर्षांची होते. धाकटा भाऊ तापानं फणफणलेला. भगतानं घरातले मूठभर तांदूळ मागितले. आमचे संपलेले, म्हणून मी शेजारच्या जना मावशीकडे पळाले. तिनं एक मूठ दिली, वर आणखी एक मूठ माझ्या फ्रॉकच्या ओच्यात टाकली. "याची पेज कर पोराला, बरा व्हईल."

भगतानं सुपात दाणे फिरवले, थांबला. "कुणाच्या घरचं हाय हे?"

मी खरं सांगितलं. का सांगितलं? आमचेच आहेत म्हटलं असतं तर?

दुसऱ्या दिवशी गावानं मावशीला हाकललं. ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

मग आईनं त्या उरलेल्या मुठीची पेज केली. भाऊ वाटीभर प्यायला, दोन दिवसांत उठून बसला. सगळा गाव म्हणाला, बघा, डाकीण गेली आणि पोर सुधारलं.