गायकवाडांचे हात

शनि. ४ फेब्रु. ७८
खोपोलीच्या कारखान्यात पहिला वर्ग. चार इंजिनियर, सगळे चाळिशीपुढचे, मागच्या बाकांवर दडून बसलेले. पर्सोनेल मॅनेजर कुलकर्णी म्हणतात, "बाई, यातल्या एकाला मेंटेनन्सचा हेड करायचंय. इंग्रजीला जरा पॉलिश करा." पॉलिश बुटांना करतात. मी रिटायर्ड हेडमिस्ट्रेस, रिकामी सापडले, एवढंच. चौघांत दहिवलीचे गायकवाड सगळ्यांत जुने. त्यांचं यंदा नाही झालं तर कधीच नाही. मुंबईहून कुणालातरी आणून बसवतील.

शनि. ११
इंग्रजी बाजूला ठेवलं. पाळीपाळीने शेजाऱ्याकडून कागदाची होडी करून घ्यायची, फक्त तोंडाने सांगून. आपले हात पाठीमागे. दोन घड्या होतात न होतात तोच चौघांनीही शेजाऱ्याचा कागद ओढून घेतला. पहिलीतल्या मुली इतक्या उतावीळ नसतात. गायकवाड: "बाई, सांगत बसण्यापेक्षा हातानं लवकर होतं." म्हटलं, मग जन्मभर फिटरच राहा.

बुध. १५
मुद्दाम कारखान्यात गेले. पंप गळत होता. गायकवाड स्वतः पंपाखाली आडवे, शर्ट तेलात. हेड फिटर तुकाराम शेजारी बॅटरी धरून उभे, तोंडात पान. त्यांना विचारलं, तुम्ही का नाही करत?
"जावय हाय आमचा. त्याला सांगावं नाय लागत."
तुकाराम म्हणजे गायकवाडांच्या बायकोचे सख्खे मामा. घरी ज्यांच्या पाया पडायचं, त्यांना इथे 'खाली झोपा' कसं सांगायचं? कुलकर्णींना सगळं ठाऊक होतं. नुसते हसले. आणि म्हणे इंग्रजी.

शनि. २५
वर्गानंतर गायकवाडांना कपाटासमोर उभं केलं. कपाट म्हणजे तुकाराममामा समजायचं. "मामा, पंप उघडा. पॅकिंग बदला." कपाटालासुद्धा "जमलं तर" म्हणतो हा माणूस. पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. शेवटी "जमलं तर" गेलं. "मामा" राहू दिलं.

गुरु. ९ मार्च
पंप पुन्हा गळायला लागला. गायकवाडांनी हात मागे घेऊन सांगितलं. मामांनी केलं, पण मुद्दाम रेंगाळत. नेमके तेव्हाच जनरल मॅनेजर आले. संध्याकाळी कुलकर्णींचा फोन. "साहेब म्हणतात, गायकवाड नुसते उभे होते."
अहो, तेच तर शिकवत होते मी. हेडनेच पंपाखाली शिरायचं, तर हेड हवा कशाला? फोन आपटला. मंगळवारी इंटरव्ह्यू.

शुक्र. १७
निकाल नाही. कुलकर्णी फोनवर येत नाहीत. भित्रा माणूस.
संध्याकाळी गायकवाड आले. आज मामांनी पंप आपणहून उघडला म्हणे, न सांगता, आणि झटपट. मग चेहरा असा का?
"रविवारी घरी मटण होतं बाई. मामा आले नाहीत. आज काम संपवून म्हणाले, 'झालं, साहेब.' लग्न झाल्यापासून जावयबापू म्हणायचे."
टोपी हातात फिरवत होते. मग, "पोस्ट नाही मिळाली, तर हे परत पहिल्यासारखं होईल का?"
मी म्हटलं, पोस्ट मिळेल.
त्यांनी ते विचारलंच नव्हतं.