दुप्पट धरायचं

९ जानेवारी
पोचलो एकदाचा नरिंग्याला! ॲडलेडपासून धूळ खाऊनच पोट भरलं, पण स्वारी खुशीत आहे. दोन वर्षं हात रिकामे होते, आता मर्व टॉन्किनच्या गॅरेजात मी मेकॅनिक. त्याची बायको लोर्ना हिने मटण वाढून वाढून जीव नकोसा केला. पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी व्हॅन आहे. मर्व म्हणाला, "अल्बी, हिचा वेगाचा काटा तेवढा नीट कर, मग तू आमचा."

१० जानेवारी
व्हॅन रस्त्यावर काढली, अंतराच्या खांबांवर घड्याळ लावून पाहिलं. काटा निम्माच वेग दाखवतो आणि अंतराचा आकडाही निम्माच पळतो! कुणा दीडशहाण्याने गिअरबॉक्सला भलत्याच गाडीचं दातेरी चाक बसवलंय. गावाला त्याचं काही नाही, जो तो मनातल्या मनात दुप्पट धरतो. बरोबर चाक मागवलंय.

१२ जानेवारी
पबमध्ये मर्वचा मुलगा क्लाइव्ह रंगात आला. इथे नव्या गड्याला व्हॅनमधून माळावर नेऊन सोडतात, चालत परतला की बिअर पाजतात. माझ्याआधीच्या रोवनला भर दुपारी सोडलं, पाण्याशिवाय. दहाच किलोमीटर आहे, चल मर्दा, असं सांगून. क्लाइव्ह दुप्पट धरायला विसरला होता. दहा चालून झाल्यावर जो खांब येतो तिथे रोवनची टोपी मिळाली, रोवन नाही. अजून बसला असेल गाव शोधत, असं म्हणून सगळे खो खो हसले. नोकरी टिकवायची म्हणून मीही हसलो.

१४ जानेवारी, सकाळ
चाक बसवलं. खांबाला खांब, आकडा अचूक! शेडमध्ये आणून इंजिन बंद केलं, फेरीच्या अंतराचा आकडा शून्यावर आणला, तर वेगाचा काटा ताशी चारावर. काट्याला फिरवणारी केबलच काढली. तरी चारावर. आकडाही सरकतोय. मर्वला बोलावलं, तो पांढराफटक पडला. पुटपुटला की चार म्हणजे माणसाची चाल. मग मला आत ढकलून शेडला बाहेरून कुलूपच घातलं मेल्याने! म्हणाला, खरं अंतर तू कळवलंस रोवनला, आता तूच भेट. मर्व, क्लाइव्ह, लोर्ना, तिघंही ट्रक काढून गेले. लोर्नाने वळूनसुद्धा पाहिलं नाही. रोजनिशी खिशात होती, म्हणून लिहितोय.

दुपार
पत्रा तापलाय. हातोडीने ठोकून ठोकून हात सोलले. आकडा सहा — सात. तो दहा चालून अडला होता. पुढचे दहा त्याला कुणी सांगितलेच नव्हते. मी सांगितले. मी —

नऊ. आई गं.

दहा.

काटा शून्यावर.

बाहेरचा नळ सोडलाय कुणीतरी. पितोय. किती वेळ पितोय —

नळ बंद.

कुलूप हलतंय. ओरडतोय मी, रोवन, मी नवा आहे रे, मी तेव्हा नव्हतो, मी नुसता काटा नीट —