बारशाला येऊ का?

चंडीगड, सेक्टर २२
१४ एप्रिल १९७६

प्रिय पद्मिनीवहिनी,
सप्रेम नमस्कार. आम्ही खुशाल. तुझी आणि बाळाची तब्येत कळव.

तुझं पत्र गेल्या आठवड्यात सोमवारी मिळालं. आठ वर्षांनी घरात पाळणा, पुढच्या महिन्यात बारसं, आणि कानात नाव आत्यानंच सांगायचं! वाचता वाचता माझी पोळी जळली. ह्यांनी लगेच तिकिटंही काढली, आणि आता मीच म्हणतेय, नको जायला.

कारण विचारशील तर पेपर. अमेरिकेत डुकरांचा म्हणून नवा फ्लू निघालाय. अख्ख्या देशाला लस टोचायचं चाललंय. ते कात्रण मी डब्यांमागे ठेवलंय आणि दिवसातून चारदा वाचते. हे म्हणतात, "एका छावणीत काही सैनिक आजारी पडले, एक गेला. बाकी सगळं 'कदाचित', प्रभा." शेजारच्या सरदारीणबाई तर हसत सुटल्या, "भैणजी, अमरीका दा जुकाम इत्थे पैदल आऊगा?" खरंच, तिथली सर्दी इथे काय पायी चालत येणार? तेवढ्यापुरतं पटतं. मग पुन्हा हात डब्यांमागे जातो. किती घाबरायचं, हेच मला कळेनासं झालंय.

शेवटी सेक्टरमधल्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जो आया नहीं, उससे अभी क्या डरना? बुख़ार हो तो बच्चे के पास मत जाइए. नहीं है तो जी भरके गोद में लीजिए." मी तिथेच रडायला लागले. त्यांना बिचाऱ्यांना काही समजेना.

वहिनी, अडुसष्टच्या बारशाला मला ताप होता.

गावात तेव्हा हाँगकाँगचा फ्लू होताच. सकाळी अंग फणफणलं होतं. दोन गोळ्या घेतल्या, तोंडाला पावडर लावली आणि कुणाला सांगितलं नाही. आत्याचा मान धाकट्या शैलजाला गेला असता ना! बाळाच्या कानाला तोंड लावून तीनदा 'माधव' म्हटलं. पाचव्या दिवशी त्याला ताप भरला. पुढचं तुला मी काय सांगू?

तेव्हा दादाही तापला होता, दूधवालाही. कुणाचं कुणाला लागलं, कोण सांगणार? तू दृष्ट लागली म्हणालीस, आणि मी मान डोलावली. अमेरिकेच्या फ्लूला भितेय की स्वतःला, हे आठ दिवस मला उलगडत नाहीये.

ट्रंकेत थर्मामीटर ठेवलाय. आले तर रोज सकाळी तुझ्यासमोर लावीन. पारा जरा चढला तरी नाव शैलजा सांगेल, मी दाराबाहेर बसेन.

पण आधी तू सांग. दादाला हे दाखवायचं की नाही, तूच ठरव. 'ये' किंवा 'नको', एवढंच कार्डावर लिही. 'नको' आलं तर मी रागावणार नाही. तिकिटं परत करीन आणि इथे फ्लूचं निमित्त सांगेन.

बाळाची आत्या, तू म्हणालीस तरच,
प्रभा